डावीकडची सीट

आयुषला स्पोर्ट्स कार घ्यायची होती आणि मी त्याला फारसं अडवत नव्हते. लग्न झाल्यापासून त्याचं हे एकच वेड मी पाहत आले होते. मिहानमधल्या कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा, भाजीवाल्याशी कधी घासाघीस न करणारा हा माणूस, रस्त्यानं एखादी बुटकी, रुंद गाडी घुरघुरत गेली की बोलता बोलता थांबायचा. नवी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही जुन्या गाड्या पाहायला लागलो.

चौकशा करायचं काम माझ्याकडे होतं. प्रतापनगरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. लोकांचे गुडघे आणि मणके तपासून तपासून कुठल्याही गोष्टीत आधी दुखणं कुठे आहे ते शोधायची सवय मला लागली आहे. टायर नागपुरात मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, विमा दर वर्षी किती खातो, पेट्रोल किती पिते, हुडकेश्वरला आमच्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट घासेल का, हे सगळं मी विचारायचे. आणि मुख्य म्हणजे कंपनीची वॉरंटी किती उरली आहे, आणि मालक बदलला की ती आपल्या नावावर होते का. वर्धा रोडवर एका विक्रेत्यानं आयुषला पिवळी गाडी दाखवून पार वेडं केलं होतं. मी वॉरंटीचं विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, आधी थंडा घ्या." आम्ही थंडा घेतला आणि घरी आलो.

हे सगळं मी दादाला सांगितलं. ऋषिकेशदादा, माझा सख्खा मोठा भाऊ. मी दहावीत असताना आमचे बाबा, मनोहरराव, गेले. त्यानंतर गावाकडचं, खाप्याचं शेत आणि मी, दोन्ही दादानं सांभाळलं. माझी फी त्यानं भरली, परीक्षेला स्कूटरवर त्यानं सोडलं, लग्नात बाबांच्या जागी तो बसला. पुढे तो कॉन्ट्रॅक्टर झाला, प्रतापनगरला घर बांधलं, आणि एक मोठं काम हाती आलं तेव्हा हौसेनं गर्द निळ्या रंगाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. नंदिनीवहिनी जेमतेम माझ्या खांद्याला लागायची; ती त्या गाडीला 'माझी सवत' म्हणायची. दादा तिला स्टिअरिंगला हात लावू देत नसे. ती डावीकडे बसायची, नुसती.

वहिनी त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली. दुपारी जेवून झोपली, ती उठलीच नाही, असं दादानं आम्हांला सांगितलं होतं. हृदय बंद पडलं. चाळिशीसुद्धा झाली नव्हती तिची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यानंतर दादा एकटाच राहत होता, आणि गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी असायची.

"बाहेरची कायले घेता?" दादा म्हणाला. "माझी घेऊन जा. मी आता चालवत नाही."

त्यानं भाव बाजारापेक्षा पुष्कळ कमी सांगितला. सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं होतं, कंपनीची वॉरंटी वर्षभर शिल्लक होती आणि ती आमच्या नावावर होणार होती. तरी सवयीनं मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, इंजिनाची वॉरंटी कंपनीची, बाकीची माझी. जगात सगळ्यांना सगळं विचारणारी मी, त्याला पुढे काही विचारलं नाही.

किल्ली देताना तो पोर्चमध्ये आला नाही. दारातच उभा राहिला. आयुषनं कव्हर काढलं, गाडी सुरू केली, तेव्हा दादा दारातूनच म्हणाला, "दिली म्हणजे दिली हं, मिनू. परत नको आणू." मला तो विनोद वाटला. मी हसले.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही आउटर रिंग रोडला जायचो. आयुष चालवायचा आणि मी डावीकडे बसायचे. पेट्रोल तर ती पाण्यासारखं प्यायची. पण आयुषचा चेहरा पाहिला की मी गप्प बसायचे.

मग मे महिना लागला.

आमच्याकडची मेमधली दुपार तुम्ही पाहिली आहे की नाही, मला माहीत नाही. एक वाजला की रस्ते ओस पडतात. दुकानांची शटर अर्धी खाली येतात, कुत्री नाल्यांत शिरतात. घराघरांतून फक्त कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास येतो. डांबर इतकं तापतं की लांबवर पाणी साचल्यासारखं दिसतं, आणि त्या पाण्यातून कोणी येत असलं तर त्याचे पाय दिसत नाहीत. अशा दुपारी माणूस स्वतःच्या गल्लीतसुद्धा एकटा असतो.

अशाच एका दुपारी आयुष गाडी एकटा घेऊन निघाला होता. घरी आल्यावर म्हणाला, बेल्टची घंटी वाजून राहिली होती. त्या गाडीत सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर आहे. सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही, तर टिंग-टिंग अशी घंटी वाजते आणि थांबत नाही. आयुषचा पट्टा लावलेला होता. घंटी डावीकडच्या सीटची होती, आणि त्या सीटवर कोणी नव्हतं.

"सेन्सर गेला असंन," तो म्हणाला. "वॉरंटीत बदलून देतीन."

वर्कशॉपनं बदलून दिला. दोन दिवसांनी घंटी पुन्हा वाजली. त्यांनी सीटखालची वायर बदलली, नंतर सीटचं आतलं सगळं बदललं. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, फक्त भर दुपारी ती घंटी वाजायची. तिसऱ्या वेळी मी स्वतः गाडी घेऊन गेले. तिथे सोनिका नावाची मुलगी ग्राहकांच्या तक्रारी पाहायची. तिनं गाडी संगणकाला जोडली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली की यंत्राप्रमाणे बिघाड काहीच नाही. सीटवर माणूस बसलेला दाखवतंय, एवढंच.

सीट रिकामी होती. आम्ही दोघींनीही तिच्याकडे पाहिलं.

मग सोनिका आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, आधीच्या मालकांची पण हीच कम्प्लेंट होती. त्यांनी पण तीनदा सीट बदलवली. तुम्हांले सांगतलं नाही का त्यांनी?"

मी नाही म्हणाले.

तिनं आणखी एक सांगितलं. शेवटच्या वेळी काम झाल्यावर साहेब गाडीत बसायला तयारच झाले नाहीत. गाडी टो करून घरी पाठवायला लावली आणि स्वतः ऑटोनं गेले.

वर्कशॉपमधून निघताना मी स्वतःची समजूत घालत होते. दादा विसरला असेल. वहिनी गेल्यानंतर त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, घंटीचं काय एवढं सांगायचं, असं त्याला वाटलं असेल. एक वाजून गेला होता. वाडीचा नाका ओलांडला आणि घंटी सुरू झाली.

टिंग... टिंग... टिंग...

आवाज काही मोठा नसतो. पण बंद काचांमध्ये, बाहेर एकही माणूस नसताना, तो दातांत शिरतो. शेवटी मी गाडी कडेला घेतली, डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आणून खटक्यात बसवला. घंटी थांबली. मी हात मागे घेतला आणि मग पट्ट्याकडे पाहिलं.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा पाठीला चिकटून सपाट बसतो. हा पट्टा सीटपासून वीतभर वर होता. मधून फुगलेला, ताणलेला... कोणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा. पाहता पाहता तो किंचित वर झाला आणि खाली आला. पुन्हा वर झाला.

एसी पूर्ण चालू होता, माझी बोटं गार पडली होती. तरी डावीकडून झळ येत होती, उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचं दार उघडलं की येते तशी. त्या झळीत तापलेल्या चामड्याचा वास होता, आणि त्याच्याखाली घामाचा, आणि त्याच्याखाली आवळ्याच्या तेलाचा. वहिनी दर रविवारी माझ्या डोक्याला तेच तेल लावायची.

डाव्या काचेवर बारीक आवाज झाला. काचेवर काचेची बांगडी लागावी तसा. थांबून... पुन्हा. हातात जोर नसलेला माणूस वाजवेल तसा.

मी दार उघडून पळाले नाही. का, ते सांगता येत नाही. बहुतेक त्या तेलाच्या वासामुळे. मी समोर, रस्त्यावरच्या खोट्या पाण्याकडे पाहत राहिले, आणि माझ्या कानाच्या अगदी जवळ, कोरड्या घशातून, कोणी तरी विचारलं,

"हे आले काय, मिनू...?"

वहिनी दादाचं नाव कधी घेत नसे. त्याला ती आयुष्यभर 'हे' म्हणत आली.

घरी कशी पोचले ते आठवत नाही. आयुषनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आधी पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर तो हसला नाही. त्यालाही तो वास आला होता, पण वहिनी माझी लाडकी, म्हणून तो मला बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादाकडे गेलो. सकाळी तो साइटवर असतो, म्हणून जेवणाच्या वेळी निघालो. त्या डावीकडच्या सीटवर बसायची माझी तयारी नव्हती; आयुष गाडी घेऊन पुढे गेला, मी ऑटोनं मागून गेले. आयुषनं गाडी दादाच्या फाटकासमोर उन्हात उभी केली आणि तो तिथेच, समोरच्या कडुनिंबाखाली थांबला. किल्ली घेऊन मी एकटी आत गेले. पडदे ओढलेले होते, कूलर चालू होता. दादा सोफ्यावर बसला होता. त्याची नजर आधी माझ्या हातातल्या किल्लीवर गेली.

"परत नको आणू म्हटलं होतं," तो म्हणाला.

मी त्याला फक्त एवढंच सांगितलं, की वहिनी विचारत होती. काय विचारत होती, ते त्यानं मला विचारलं नाही. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला आणि बोलायला लागला, जमिनीकडे पाहत, सलग, जणू कोणी विचारायची वाटच पाहत होता.

त्या दिवशी ते दोघं खाप्याहून परत येत होते. सावनेरच्या अलीकडे वहिनी म्हणाली, हात दुखतोय, घाबरल्यासारखं होतंय, कुठल्या तरी दवाखान्यात थांबवा. दादाची रस्त्यातच एका जमिनीच्या सौद्याची बोलणी ठरली होती, समोरचा माणूस येऊन बसला होता. ती नेहमीच घाबरते, असं त्याला वाटलं. त्यानं गाडी त्या ऑफिससमोर उन्हात लावली, एसी चालू ठेवला, तिला म्हणाला, आलोच. बोलणी लांबली. चालवणारा बराच वेळ परत आला नाही की ती गाडी आपोआप बंद होते. हे त्याला माहीत नव्हतं, नंतर वर्कशॉपमध्ये कळलं. तो बाहेर आला तेव्हा सगळ्या काचा बंद होत्या आणि वहिनीचा हात काचेला टेकलेला होता.

त्यानं कोणाला हाक मारली नाही. गाडी सुरू केली आणि तिला तशीच शेजारी बसवून प्रतापनगरला आणली. मागच्या दारानं उचलून आत नेली, पलंगावर निजवली, मग डॉक्टरला फोन केला.

"रस्त्यानं घंटी थांबतच नव्हती," दादा म्हणाला. "ती एका अंगावर कलली होती... मग मी तिले पट्टा लावला."

कूलरचं पाणी टपटपत होतं. मला वाटलं होतं, मी ओरडेन, रडेन. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती आणि मी तीच विचारली.

"मले काहून दिली?"

"तुझं न् तिचं पटत होतं," तो म्हणाला. "वाटलं, तुझ्यापाशी शांत राहीन."

"ती तुझी वाट पाहून राहिली आहे, दादा."

"मले ठाऊक आहे." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "म्हणूनच तं दिली."

जो हात माझ्या डोक्यावर ठेवून त्यानं वॉरंटी दिली होती, तोच हात आता गुडघ्यावर होता, आणि तो हात मला ओळखीचा वाटेना. त्यानं वहिनीला एकदा गाडीत सोडलं, आणि दुसऱ्यांदा गाडीसकट विकून टाकलं. तेही कोणाला, तर ज्या एका माणसाला तो काहीही सांगेल आणि ते खरं वाटेल, त्या माणसाला. बाबा गेले तेव्हाही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं. तेव्हा दादा होता.

मी किल्ली टीपॉयवर ठेवली. त्यानं ती उचलली नाही. "मिनू, नको," एवढंच म्हणाला, अगदी हळू. मी दार उघडं टाकून बाहेर आले.

गाडी उन्हात उभी होती. जवळ जायची माझी हिंमत नव्हती. पण फाटकापाशी मी थांबले, आणि त्या निळ्या गाडीच्या काचेकडे पाहून जे बोलले ते मी ठरवून बोलले नव्हते.

"वहिनी," मी म्हणाले, "दादा घरातच आहे."

आयुष आणि मी ऑटोनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. खाप्याच्या रस्त्यावर, कन्हानच्या पुलाच्या अलीकडे, एका बाभळीखाली गाडी सापडली होती. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. शेतावरून परतणाऱ्या एका माणसानं पाहिलं आणि दगडानं काच फोडली. दादा आत होता, जिवंत होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. काच फोडणारा माणूस सांगत होता की आत हिवाळ्यासारखं गार होतं, आणि दादाचं अंग मात्र तव्यासारखं पोळत होतं.

दादा डाव्या सीटवर होता.

गाडी चालवत कोण होतं, हे पोलिसांनी पुष्कळ विचारलं. घराशेजारच्यांनी दादाला एकट्यालाच फाटकाबाहेर जाताना पाहिलं होतं. गाडी आणायला आयुष गेला, तर त्याला आत बसता येईना. चालवणाऱ्याची सीट पार पुढे ओढलेली होती, एखाद्या बुटक्या बाईला लागेल इतकी. आणि मधला आरसा मागचा रस्ता दाखवत नव्हता. चालवता चालवता डावीकडे बसलेल्याचा चेहरा दिसत राहील, असा तो वळवलेला होता.

कागदपत्रं माझ्या नावावर, म्हणून गाडी आमच्याकडेच आली. आता ती हुडकेश्वरला आमच्या पोर्चमध्ये उभी आहे. आयुषनं बॅटरी काढून ठेवली आहे. मध्ये एक नवं लग्न झालेलं जोडपं पाहायला आलं होतं. दोघं हौशी होती. वॉरंटी किती उरली, मेंटेनन्स किती येतो, असं त्या मुलीनं मला बारकाईनं विचारलं. मी तिला म्हणाले, ही घेऊ नका. का, ते सांगू शकले नाही. ती जरा रागावूनच गेली.

दादा त्या दिवसापासून बोलत नाही. त्याला खाप्याला आत्याकडे ठेवलं आहे. रुखमाबाई आत्या सत्तरीची, पण अजून धडधाकट. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "दुपारी हा पाय कायले मारते, तू एकदा येऊन पाह्य वं." झटके येत असतील, असं समजून मी गेले.

दादा खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून बसला होता. एक वाजेपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याचं अंग घामानं भिजायला लागलं, कूलर समोर असूनही. त्याचे डोळे वर, उजव्या बाजूला एका जागी खिळले. तिथे नुसती भिंत होती. आणि त्याचा उजवा पाय पुढे सरकला, टाच फरशीला टेकली, आणि तळवा हवेत पुढे दाबला गेला. ब्रेक दाबावा तसा. सुटला. पुन्हा, आणखी जोरात.

आखडलेले पाय सोडवणं हे माझं रोजचं काम आहे. मी दोन्ही हातांनी तो पाय धरला आणि उचलायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. पण तळव्याखाली माझ्या बोटांना एक बारीक थरथर लागली. मी एक हात काढून फरशीवर ठेवून पाहिला.

फरशी शांत होती. थरथर त्याच्या पायात होती, सारखी, एका लयीत, वेगानं चाललेल्या गाडीत पायांखाली असते तशी. आणि ती हळूहळू वाढत होती.